दान, लक्षण आणि सोंग : पात्रकल्पनेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित धागा

१

मराठीत फाशांच्या वा कवड्यांच्या एका फेकीला ‘दान’ म्हणतात. खेळणारा ते टाकतो, परंतु भाषा मात्र ते ‘पडले’ असे म्हणते. ‘मनासारखे दान पडले’, ‘दान उलटे पडले’ या प्रयोगांत कर्ता माणूस नाही, दान आहे. देणारा कोण हे वाक्यात कोठेच सांगितलेले नसते. इंग्रजीतील फाशाच्या नावाचे मूळही लॅटिनमधील ‘दिलेले’ या अर्थाच्या शब्दात शोधले जाते. दोन दूरच्या संस्कृतींनी आकस्मिकतेला ‘देणगी’ मानावे, हा निव्वळ शब्दयोग नसावा. जे आपण निवडलेले नाही आणि तरीही ज्याच्यापासून आपल्याला सुरुवात करावी लागते, त्याचे हे नाव आहे.

या शब्दाकडे नव्याने पाहण्यास निमित्त झाले ते एका परक्या खेळाचे. माझ्या पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थी भूमिका-खेळ खेळतात. या प्रकाराचा आरंभ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने झाला. त्यापूर्वी युद्धाचे खेळ होते. प्रशियात राइसविट्झने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत चकमकीचा निकाल फाशांवर सोपवलेला होता. नव्या खेळाने फासा सैन्याकडून व्यक्तीकडे आणला. प्रत्येक खेळाडूने एक पात्र घ्यायचे. त्या पात्राचे बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चापल्य आणि प्रभाव हे सहा गुण तीन-तीन फासे टाकून अंकांत ठरवायचे. मग त्या अंकांच्या आधाराने, सूत्रधाराने मांडलेल्या प्रसंगात, त्या पात्राच्या तोंडून बोलायचे आणि वागायचे.

विद्यार्थ्यांनी दाखवलेला पात्राचा तक्ता पाहताना मला वाटले, की आपल्या समीक्षेने ज्यांना नेहमी वेगवेगळे ठेवले अशा तीन गोष्टी येथे एका कागदावर आल्या आहेत. पात्राला काही मिळालेले असते, हे त्याचे दान. ते मोजता-सांगता येते, हे त्याचे लक्षण. आणि ते वठवायचे असते, हे त्याचे सोंग. मराठी समीक्षेने पात्रचित्रणाचा विचार करताना तिसऱ्याला मान दिला, दुसऱ्याला ‘ठोकळेबाज’ म्हटले आणि पहिल्याला ‘योगायोग’ म्हणून दोषांच्या यादीत टाकले. या तिन्हींचा इतिहास आपल्याकडे आहे, आणि तो सातारा-सांगली या एका टापूत विशेष स्पष्ट दिसतो. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तोवर हा बहुतेक मुलूख, मधल्या संस्थानांचा अपवाद करता, सातारा जिल्हा म्हणूनच ओळखला जाई. प्रस्तुत निबंधात तो धागा उलगडण्याचा प्रयत्न आहे.

२

प्रथम फाशांचा विचार करू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा जो विलाप आहे, त्यातले अक्ष म्हणजे बेहड्याची फळे. बेहडा सह्याद्रीच्या रानात आजही आहे आणि घरोघरच्या त्रिफळाचूर्णात त्याचा तिसरा वाटा असतो. कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही आधी दानांची नावे आणि मग युगांची. काळाचे भाग पाडताना आपल्या पूर्वजांनी पटावरची परिभाषा वापरली, ही गोष्ट सहज सोडून देण्याजोगी नाही.

पुढे सारीपाट आला. चार भुजा, प्रत्येकीत तीन रांगा, रांगेत आठ घरे, एकूण शहाण्णव घरे, सोळा सोंगट्या. लांबट चौपहिलू फाशांवर एका प्रचलित पद्धतीत एक, दोन, पाच आणि सहा ठिपके असतात. तीन फाशांची फेक चौसष्ट प्रकारांनी पडू शकते आणि दोन सहा व एक पौ हे दान त्यांतील तीन प्रकारांनीच साधते. हिंदीत ‘पौ बारह’ म्हणजे भाग्य उजळणे. मराठीत ‘पोबारा करणे’ म्हणजे पळ काढणे, आणि त्याचाही संबंध याच दानाशी जोडला जातो. एकाच दानातून एका भाषेने प्राप्ती घेतली, दुसरीने सुटका.

कवड्यांचे गणित याहून सूचक आहे. कवडी उपडी वा उताणी पडण्याचा संभव सारखा धरला, तर सहा कवड्यांची फेक चौसष्ट प्रकारांनी पडते. तीन उताण्या पडण्याचे प्रकार वीस, एकच उताणी पडण्याचे सहा आणि एकही उताणी न पडण्याचा अवघा एक. पचिशीच्या एका रूढ पद्धतीत एक उताणी असता दहा आणि एकही नसता पंचवीस घरे मिळतात. म्हणजे दुर्मिळ दानाला मोठे फळ द्यावे, हे संभाव्यतेचे शास्त्र लिहिले जाण्यापूर्वी खेळणाऱ्यांना ठाऊक होते. अमेरिकन खेळातील तीन फाशांचे गणितही याच जातीचे. एकूण २१६ प्रकार. त्यांत दहा आणि अकरा या बेरजा प्रत्येकी २७ वेळा, अठरा ही बेरीज मात्र एकदाच. अशा फेकीतून बहुतेक पात्रे मध्यम निपजतात आणि असामान्य पात्र क्वचितच जन्मते. संख्याशास्त्रज्ञ ज्याला मध्याभोवतीची दाटी म्हणतो, ती येथे मानवी स्वभावाविषयीचे विधान बनते.

दान आणि गणना यांचे हे नाते महाभारतातील नलोपाख्यानात कथारूपाने आलेले आहे. रथातून जाता जाता ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे सांगतो. बाहुकाच्या रूपातला नल झाड तोडून ती मोजतो आणि संख्या बरोबर निघते. ऋतुपर्णाकडून नल अक्षविद्या घेतो, मोबदल्यात त्याला अश्वविद्या देतो. आणि ही विद्या मिळताच त्याच्या शरीरातला कली बाहेर पडतो. कली हा येथे दैत्यासारखा वावरतो, पण तो सर्वात हलक्या दानाचे नावही आहे. मोजता आले की दानाची बाधा उतरते, असा या कथेचा आशय घेता येईल. नल द्यूत सोडून देत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तो पुन्हा खेळतो आणि राज्य परत मिळवतो.

दोन पटांमधील एक भेद येथे नोंदवला पाहिजे. सारीपाटात दान पडल्यावर कोणती सोंगटी चालवायची हे खेळणारा ठरवतो. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलेल्या मोक्षपटात ही निवड नाही. दान पडेल तितकी घरे जायचे. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप. पहिल्या पटात प्रारब्ध आणि क्रियमाण दोन्ही आहेत, दुसऱ्यात केवळ प्रारब्ध. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेल्यावर काही काळाने घरांची नावे पुसली गेली आणि साप, शिड्या व आकडे तेवढे उरले. मोक्षपटाचे मर्म त्या नावांत होते. नाव गेले की दान उरते, पण ते कशाचे दान हे सांगता येत नाही.

३

घरांना नावे देण्याचे, म्हणजे स्वभावाची यादी करण्याचे, मराठीतील सर्वात मोठे काम सातारा भागात वावरलेल्या एका कवीने केले. चाफळ आणि सज्जनगड ही समर्थ रामदासांच्या कार्याची केंद्रे. १६८२ साली त्यांचा देहान्त सज्जनगडावर झाला. ‘दासबोधा’च्या वीस दशकांतील दोनशे समासांत लक्षणांचे समास वेगळे उठून दिसतात. दुसऱ्या दशकात मूर्खलक्षण, उत्तमलक्षण, रज, तम आणि सत्त्व यांची लक्षणे, अखेर पढतमूर्ख. एकोणिसाव्या दशकात करंटलक्षण आणि लगेच सदेवलक्षण.

या समासांकडे आपण सामान्यतः नीतिबोध म्हणून किंवा फार तर लोकनिरीक्षण म्हणून पाहतो. पात्रकल्पनेच्या दृष्टीने त्यांची रचना निराळी दिसते. येथे कथानक नाही, प्रसंगाची वाढ नाही, मनोविश्लेषण नाही. एकामागून एक वर्तनाचे घटक मांडलेले आहेत आणि त्यांच्या बेरजेतून एक माणूस उभा राहतो. फॉर्स्टरच्या परिभाषेत हे सपाट पात्रही नव्हे, कारण ते पात्र होण्याआधीची ही अवस्था आहे. हा पात्राचा तक्ता आहे. ऐकणाऱ्याने त्यात स्वतःला घालून पाहायचे असते.

‘करंटा’ आणि ‘सदेव’ या शब्दांची निवडही अर्थपूर्ण आहे. दोन्ही शब्द मुळात भाग्याचे, म्हणजे दानाच्या क्षेत्रातले. रामदास ते उचलतात आणि त्यांच्याखाली आळस, झोप, लिहिता-वाचता न येणे, विचारले असता सांगता न येणे अशी वर्तनाची लक्षणे लिहितात. ही लक्षणे टाकली की सदेवपण अंगी येते, असे आश्वासनही समासाच्या आरंभीच आहे. ज्याला लोक दान समजत होते त्याचे रामदासांनी लक्षणात रूपांतर केले, आणि लक्षण बदलता येते. मराठी विचारविश्वात प्रयत्नवादाला जे स्थान मिळाले, त्याचे हे तांत्रिक अंग म्हणता येईल.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते, आणि ती याच जिल्ह्याच्या इतिहासाने उभी केलेली आहे. लिहिता-वाचता न येणे हे कोणाचे लक्षण आणि कोणाचे दान? सावित्रीबाई फुले १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्मल्या. त्या काळी मुलीला अक्षरओळख नसणे हे तिच्या आळसाचे चिन्ह नव्हते. ते तिच्या पदरी पडलेले होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. त्यांच्या समाजाचा शतकानुशतकांचा निरक्षरपणाही करंटेपणाच्या यादीत बसवता येणार नाही. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांनी जे हाती घेतले ते लक्षण सुधारण्याचे कार्य होते, तसेच दान सुधारण्याचेही. यादी करणाऱ्याने प्रत्येक नोंदीपुढे हा प्रश्न विचारला पाहिजे. रामदासांनी तो विचारला नाही, म्हणून त्यांचा समास टाकाऊ ठरत नाही. परंतु तो तसाच पुढे वाचत राहणाऱ्या आपल्या वर्गांवर मात्र त्याची जबाबदारी येते. मराठीत ‘गुण’ हा एकच शब्द स्वभावाला आणि परीक्षेतल्या आकड्याला चालतो, हे आपण शिकवणारे तरी विसरू नये.

४

लक्षण अंगावर घेऊन बोलणे, म्हणजे सोंग, याचा इतिहास कृष्णेच्या पुढच्या वळणावर सांगलीत सापडतो. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या नाटकांची संहिता आजच्या अर्थाने संहिता नव्हती. आख्यानाची पदे लिहिलेली असत आणि सूत्रधार ती गाई. पात्रांची भाषणे ज्याने त्याने प्रसंगाला धरून आपली आपण करायची. देव, राक्षस, ऋषी, स्त्री असे वर्ग ठरलेले होते, राक्षसाची आरोळीसुद्धा ठरलेली. या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ असे काहीसे कुचेष्टेचे नाव मिळाले ते तिच्यामुळेच.

नाट्येतिहासकारांनी या पद्धतीला लिखित नाटकापूर्वीची अपक्व अवस्था मानले. तिच्याकडे व्यवस्था म्हणून पाहिले तर निराळे चित्र दिसते. वर्ग निश्चित, लक्षणे निश्चित, कथेची दिशा सूत्रधाराच्या हाती, आणि बोलणे मोकळे. १९७४च्या खेळाचीही चौकट याच चार खांबांवर उभी आहे. तिथेही पात्राचा वर्ग निवडायचा असतो, प्रसंग सूत्रधार सांगतो आणि संवाद खेळणाऱ्याच्या तोंडी जागच्या जागी घडतो. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे सुचवायचे नाही. मौखिक कथनात अनेक माणसांना एकाच वेळी पात्रे करायची असतील, तर ही रचना वारंवार निर्माण होते, इतकेच येथे सिद्ध होते. फरक फाशांचा. भाव्यांच्या रंगभूमीवर आख्यानाचा शेवट सर्वांना ठाऊक होता. तेथे दानाला जागा नव्हती.

त्या जागेचा विचार सांगलीच्याच दोन नाटककारांच्या कृतींत येतो. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘मृच्छकटिक’ मराठी रंगभूमीवर आणले. शूद्रकाच्या मूळ नाटकातला जुगारी संवाहक हरतो, देणे चुकवण्यासाठी पळतो, सुटतो आणि भिक्षू होतो; नाटकाच्या अखेरच्या भागात तोच भिक्षू वसंतसेनेचा जीव वाचवतो. एका पडत्या दानाने पात्राचा वर्ग बदलतो आणि तो बदल कथानकाला उपयोगी पडतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ साली सांगलीत जन्मले. त्यांच्या दोन नाटकांकडे एकत्र पाहिले पाहिजे. १९०७च्या ‘कीचकवधा’त द्यूताचा परिणाम आहे आणि १९२०च्या ‘द्रौपदी’त द्यूत स्वतः आहे.

महाभारतातील अज्ञातवास हा भूमिका-खेळाचा बहुधा सर्वात परिपूर्ण नमुना आहे. फाशांनी राज्य घेतले आणि बारा वर्षांचा वनवास दिला. तेरावे वर्ष ओळख न पटता काढायचे, ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे. प्रत्येकाने आपल्या अंगच्या गुणाला साजेसे सोंग निवडले. भीम स्वयंपाकी बल्लव झाला, अर्जुन नृत्यशिक्षक बृहन्नडा, नकुल-सहदेव घोडे आणि गाई सांभाळू लागले, द्रौपदी सैरंध्री झाली. युधिष्ठिराने मात्र फाशांपायी सर्वस्व गमावल्यावर विराटाला फासे खेळवणारा कंक होणे पसंत केले. दान उलटले तेच त्याने लक्षण म्हणून स्वीकारले. ‘कीचकवधा’त प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि सरकारने १९१० साली नाटकावर बंदी घातली. म्हणजे रंगमंचावरील सोंगाखाली कोण आहे हे ओळखण्याचा खेळ प्रेक्षागृहात आणि सचिवालयातही चालू होता.

द्यूतसभेत द्रौपदी जो प्रश्न विचारते त्याचा फाशांशी थेट संबंध नाही. शकुनीने कपट केले का, हा तिचा प्रश्न नव्हे. शकुनीचे फासे बापाच्या हाडांचे होते ही लोककथा. सभापर्व त्याचे कपट आणि कौशल्य यांविषयीच बोलते. द्रौपदी विचारते ते इतकेच, की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला. आणि स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का. दान न्याय्य होते की नाही, यापूर्वीचा हा प्रश्न आहे. सभा त्याचे उत्तर देत नाही.

धर्मशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नव्हता. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या ‘धर्मकोशा’च्या व्यवहारकांडात अठरा व्यवहारपदांची वचने एकत्र आहेत, त्यांत द्यूतसमाह्वय हे एक. मनू द्यूताचा निषेध करतो. याज्ञवल्क्य राजाच्या देखरेखीखाली त्याला मुभा देतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर फासे पुरवणारा अधिकारी आहे आणि फासे बदलणाऱ्याला दंड आहे. दान माणसाच्या हाती नसेल. फासे मात्र कोणाच्या तरी हाती असतात, हे शास्त्रकारांनी ओळखले होते.

५

फासे कोणाच्या हाती, या प्रश्नाचे सर्वात कठोर मराठी रूप वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या लेखकाने दिले. अण्णा भाऊ साठे १९२० साली तेथे जन्मले. त्यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली. १८७१ साली सुरू झालेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींत जन्मलेल्या माणसाला जन्मतःच एक लक्षण दिले. गुन्हा घडण्यापूर्वी नोंद होत होती, आणि त्या नोंदीमुळे हजेरी. १९५२ साली कायदा रद्द झाला. मोक्षपटाच्या एका घरावर ‘गुन्हेगार’ लिहावे आणि काही सोंगट्यांना त्याच घरातून खेळ सुरू करायला लावावे, असा हा प्रकार होता. दानाला लक्षण म्हणून नोंदवण्याचे काम येथे शासनाने केले.

‘फकिरा’वर समीक्षकांचा एक आक्षेप असा, की नायक एकरंगी आहे, त्याचे शौर्य आणि औदार्य आरंभापासून ठरलेले आहे, त्याचा विकास होत नाही. या विवेचनाच्या प्रकाशात आक्षेपाची दिशा बदलते. शासनाच्या वहीत फकिराचे एक लक्षण आधीच लिहिलेले आहे. लेखक त्यासमोर दुसरी यादी ठेवतो: शौर्य, शब्दाला जागणे, दुष्काळात लुटीचे धान्य भुकेल्यांना वाटणे. हे दोन तक्त्यांचे युद्ध आहे. त्यात मनाचे सूक्ष्म चढउतार शोधणे म्हणजे द्रौपदीच्या प्रश्नाला तिच्या स्वभावाविषयी बोलून उत्तर देण्यासारखे आहे.

भूमिका-खेळांचा पुढचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९७४च्या मूळ नियमांत पात्राच्या गुणांचे फासे पंचाने टाकायचे होते. खेळणाऱ्याने ते स्वीकारायचे. त्याच खेळाच्या सूत्रधारासाठी १९७९ साली निघालेल्या ग्रंथात चार फासे टाकून सर्वात कमी आकडा वगळण्याचा पर्याय आला, म्हणजे दान थोडे सौम्य झाले. १९८०च्या दशकात ‘चॅम्पियन्स’ आणि ‘गर्प्स’ यांसारख्या खेळांनी फेकीऐवजी सर्वांना ठरावीक गुणांक देऊन त्यांतून हवे ते गुण विकत घेण्याची पद्धत रूढ केली. पंचाची फेक, सवलतीची फेक, समान भांडवल: न्यायाच्या तीन कल्पना एका करमणुकीच्या नियमपुस्तकांतून क्रमाने आल्या. तिसरी सर्वात न्याय्य वाटते, आणि खेळात ती आहेही. तरी अनेक खेळाडू अजून पहिलीकडे परततात, कारण विकत घेतलेले पात्र आपल्या मनासारखे असते आणि पडलेले पात्र आपल्याला अनोळखी असते. अनोळखी माणसाशी जुळवून घेत कथा रचण्यात त्यांना रस वाटतो.

साहित्यालाही तो रस आहे. म्हणून दानाला कथेतून हद्दपार करून भागणार नाही. योगायोग हा कथानकाचा दोष असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, आणि सैल रचना झाकणाऱ्या योगायोगाबाबत ते खरेही आहे. पण जन्म, जात, लिंग, गाव, दुष्काळ या योगायोगांखेरीज कोणते पात्र सुरू होते? वास्तववादाने त्यांना ‘परिस्थिती’ हे नाव दिले आणि ती अटळ असल्यासारखी रंगवली. ‘दान’ हा शब्द त्याहून प्रामाणिक आहे. दुसरेही पडू शकले असते, ही जाणीव त्यात टिकून राहते. आणि जे निराळे पडू शकले असते, त्याविषयीच कोणाला तरी जाब विचारता येतो.

यापुढे एखाद्या कृतीतील पात्राविषयी लिहिताना तीन प्रश्न वेगळे ठेवावेत, असे मला सुचवायचे आहे. त्याच्या पदरी काय पडले? त्यातले किती त्याच्या नावावर लक्षण म्हणून लिहिले गेले आणि कोणी लिहिले? आणि मिळालेल्या सोंगात त्याने स्वतःचे म्हणून काय बोलले? करंटलक्षणाचा समास, अज्ञातवासातला कंक आणि हजेरीच्या वहीतला फकिरा या तीन प्रश्नांसमोर शेजारी बसतात. पुढच्या सत्रात ‘फकिरा’ शिकवताना मी करंटलक्षणाचा समास सोबत लावणार आहे. विद्यार्थ्यांनी त्यातील प्रत्येक नोंदीपुढे दान की लक्षण हे लिहून आणायचे आहे.